मागचं चाक आणि लोणच्याची बरणी

रात्री साडेदहाला जेवणाचं टेबल रिकामं झालं की मी त्याला रेसिंग गेमचं स्टिअरिंग आवळतो. खाली पेडल, समोर मॉनिटर, आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला आईची लोणच्याची बरणी. ती तिथून हलत नाही, आईची तशी सक्त ताकीद आहे. गेममधली गाडी लोटस ४९, म्हणजे जुनी एफ-वन (फॉर्म्युला वन) रेसिंग कार; ट्रॅक इंग्लंडमधला सिल्व्हरस्टोन, १९६७ चा. त्या वर्षीच्या जुलैत एफ-वन ड्रायव्हर जिम क्लार्कने इथे याच गाडीने ८० फेऱ्यांची शर्यत जिंकली. माझ्या परवापर्यंत सलग तीनही होत नव्हत्या.

दोष थोडा माझ्या संस्कारांचा आहे. मी शिकलो मारुती ८०० वर. तिला पुढची चाकं ओढतात. वळणात जरा जोरात घुसलं की ती कुरकुरत बाहेरच्या बाजूला जायची. पाय उचलला की शहाण्यासारखी परत यायची. लोटस त्या मारुतीपेक्षाही हलकी, ताकद मात्र दहापटीहून जास्त. सुमारे ४०० हॉर्सपॉवर, आणि सगळी मागच्या दोन चाकांवर. हवेच्या जोरावर गाडी जमिनीला दाबून धरणारे पंखसुद्धा नाहीत. एफ-वनमध्ये ते पुढच्या वर्षी आले. टायरची पकड असते तेवढीच. ती वळण्यात खर्च करा नाहीतर पळण्यात. दोन्हीकडे उधळली की मागचं चाक पुढच्याच्या आधी पोचायला निघतं. हाच तो ओव्हरस्टिअर.

आणि नेमकं तेव्हा मारुतीतला पाय जागा होतो. घाबरून ऍक्सिलरेटर सोडतो. सगळा भार पुढे जातो, आधीच घसरणारी मागची बाजू आणखी हलकी होते, आणि मी वुडकोट नावाच्या वळणावर गवतात उलट्या तोंडाने उभा. स्टिअरिंग थडथडतं, टेबल थरथरतं, बरणीचं झाकण वाजतं.

"अरे, फुटेल ती!" आतून.

खऱ्या गाडीत हे आधी बुडाला कळतं म्हणे. पटतं मला. पहिल्या पावसात स्कूटरचं मागचं चाक सरकलं होतं, तेव्हा डोक्याच्या आधी सीटने सांगितलं होतं. इथे बुडाखाली डायनिंगची खुर्ची. तिला काही कळत नाही. मग बातमी कानाने घ्यायची: इंजिनाचा सूर उगाचच वर चढला, म्हणजे चाक नुसतं फिरायला लागलं. गाडी आडवी झालेली डोळ्यांना दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

उलटं स्टिअरिंग मारायला मी दोन रात्रींत शिकलो. ते सोडायला दोन महिने लागले. गाडी घसरली की पुढची चाकं आपणहून जायच्या दिशेकडे वळू पाहतात, स्टिअरिंग हातातून पळू लागतं. पळू द्यायचं. मी ते घट्ट धरायचो, वर आणखी पिळायचो. मग मागची पकड अचानक परत आली की गाडी दुसऱ्या बाजूला असा हिसका द्यायची की पहिली घसरण बरी वाटावी. बहुतेक वेळा मी पहिल्या झोक्यातून वाचायचो आणि दुसऱ्यात जायचो.

पायाचंही तसंच. पूर्ण उचलायचा नाही, दाबायचाही नाही. अंगठ्याखाली पिकलेलं चिकू असल्यासारखा ठेवायचा. त्या काळचे ड्रायव्हर म्हणे लांब वळणात गाडीची दिशा पायानेच राखायचे. हात नुसते सोबतीला.

परवा रात्री ते थोडंसं जमलं. वुडकोटला मागची बाजू सुटली, इंजिनाचा सूर चढला, पाय केसभर मागे आला, स्टिअरिंग आपलंआपण तिकडे गेलं नि परत आलं. मग तशाच सात फेऱ्या. वेळ क्लार्कच्या जवळपासही नव्हती, ते सोडा.

आठव्या फेरीला आतून आवाज आला, "काय रे, बंद पडलं का ते?"