उणे टक्क्यांतले पक्षी

पक्ष्यांचे फोटो काढायचे तर भिगवणला डिसेंबर-जानेवारीत जावं, असं कुणीही सांगेल. तेव्हा पट्टकादंब आलेले असतात, कुरव होडीभोवती घिरट्या घालत असतात, हवा गार असते आणि काठावरून इतक्या लेन्स रोखलेल्या असतात की साध्या ढोकरीलाही आपलंच लग्न आहे असं वाटावं. मी मात्र मे महिन्याचा माणूस. तोवर उजनी धरणाचं पाणी हटत हटत भीमेच्या जुन्या पात्राकडे निघालेलं असतं, कुंभारगाव-डिकसळच्या बाजूला लांबच लांब गाळ उघडा पडलेला असतो आणि त्या गाळात रोहितांचे, म्हणजे फ्लेमिंगोंचे, थवे माना खाली घालून जेवत असतात. गर्दी नसते, कारण उन्हात शहाणी माणसं घराबाहेर पडत नाहीत.

रोहिताला जेवायला खोल पाणी नको असतं. गुडघाभर पाणी हवं आणि खाली मऊ चिखल हवा. पायांनी चिखल तुडवायचा, चोच उलटी करून पाण्यात बुडवायची आणि किडे, शेवाळ असं जे काय वर येईल ते गाळून घ्यायचं, ही त्याची रीत. धरण भरलेलं असलं की ही पंगत पाण्याखाली जाते. आता उजनीचा हिशेब पाहा. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणात साधारण ११७ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर मृतसाठा, म्हणजे टक्क्यांत न धरलं जाणारं तळाचं पाणी. म्हणून हे धरण शून्य टक्क्यांवर थांबत नाही. ते ‘उणे’ होतं. उणे दहा, उणे तीस, उणे पन्नास, असे आकडे उन्हाळाभर वर्तमानपत्रात येत राहतात. ते वाचून सोलापूर जिल्ह्यातल्या ऊसवाल्याच्या पोटात गोळा येतो आणि पुण्यात मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. हे काही बरं नाही हे मला कळतं. बॅटऱ्या तरीही चार्ज होतात.

पहाटे साडेतीनला पुणं सोडलं की उजाडायच्या आत होडीत बसता येतं. होडीत बसताच आधी वास येतो. हा वास ओळखीचा असतो. मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत, असा आम्हा पुणेकरांच्या सांडपाण्याचा प्रवास अखंड चालू असतो. आमच्या किती तरी आधी ते इथे पोचलेलं असतं. पाण्यावर हिरवी साय, बाजूला जलपर्णी. नाकाला रुमाल लावून ‘काय हे प्रदूषण’ म्हणणारा पुणेकर मी त्या होडीत पाहिलेला आहे. होडीवाले मामा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त माझ्याकडे पाहिलं.

सकाळी सहाला सूर्य वर येतो आणि पुढचे दोन-अडीच तास काय ते आपले. प्रकाश तिरपा असतो, पाणी सोनेरी असतं, शेकाट्याचे गुलाबी पाय पाण्यातल्या आपल्याच प्रतिबिंबाला जोडलेले दिसतात. नंतर गाळ तापतो. जमिनीलगतची हवा गरम, वरची गार, आणि या थरांमधून येणारा प्रकाश वाकडातिकडा होत लेन्सपर्यंत पोचतो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सगळं छान दिसतं. घरी येऊन फोटो मोठा करून पाहावा तर पक्ष्याचे पाय मध्येच विरघळलेले, डोळ्याच्या जागी डाग. मग माणूस लेन्सवर संशय घेतो. माझ्या एका मित्राने याच कारणासाठी जुनी लेन्स विकून तिप्पट किमतीची घेतली. आता त्याच्याकडे तिप्पट किमतीचे धूसर फोटो आहेत. तापलेल्या हवेवर पैशाने मिळणारा इलाज नाही. लवकर जावं, जवळ असावं आणि नऊला मुकाट्याने पोहे खायला निघावं.

दुसरी पीडा पांढऱ्या रंगाची. कॅमेऱ्याची समजूत अशी की जग सरासरीने करडं असतं. गडद पाण्यापुढे पांढराशुभ्र बगळा उभा असला की कॅमेरा पाण्याची कणव येऊन सगळंच उजळवतो आणि बगळ्याच्या पिसांचा पत्ताच लागत नाही. तोच बगळा उडून आकाशापुढे गेला की कॅमेरा आकाशाला घाबरून त्याला काळा करतो. हे दोन्ही एका सेकंदात घडतं आणि तेवढ्यात अंगठ्याने उजेड कमी-जास्त करायची चकती उलटी फिरवायची असते. तिसरी पीडा गवताची. नव्या कॅमेऱ्यांना पक्ष्याचा डोळा ओळखता येतो म्हणे. येतो, पण जांभळी पाणकोंबडी पाणकणसांच्या आड असली की त्यांचा जीव पुढच्या पात्यावरच जडतो. पात्याचे अत्यंत सुस्पष्ट, पारितोषिक मिळावं असे फोटो माझ्याकडे आहेत.

आणि शेकाट्या! इतका देखणा पक्षी आणि इतका चहाडखोर. आपण अर्धा तास श्वास रोखून एखाद्या चमच्याच्या, म्हणजे चमच्यासारख्या चोचीच्या पक्ष्याच्या, जवळ सरकत असतो, होडीचं इंजिन बंद असतं, मामा नुसत्या बांबूने होडी ढकलत असतात. कुठून तरी एक शेकाट्या उठतो आणि किकिक किकिक करत सगळ्या पाणथळीला आपली वर्दी देतो. मागोमाग टिटवीला कंठ फुटतो. चमचा शांतपणे, आपल्याकडे न बघता, फोटोच्या पल्ल्याबाहेर जाऊन बसतो.

लेन्स टेकवायला कापडी पिशवी लागते, आत धान्य भरलेली. बाजारात मिळणारे प्लास्टिकचे मणी भरण्यापेक्षा मटकी बरी, हे माझं शास्त्र. एकदा होडीत पाणी आलं, पिशवी भिजली, आणि घरी आल्यावर मी ती तशीच गाडीच्या डिकीत ठेवली. पुढचं सांगायला नको. बायकोने मोड फार छान आलेत एवढंच म्हटलं आणि पिशवीसकट बाहेर नेऊन टाकली.

रोहिताचा उभा फोटो कुणालाही मिळतो. खरी हाव असते ती उडतानाच्या फोटोची, कारण पंखांखालचा लाल आणि काळा रंग तो उडाल्याशिवाय दिसत नाही. तो उडतोही कसा, तर आधी पाण्यावर धावतो, पावलांगणिक पाणी उडवतो, मग मान आणि पाय लांब करून तरंगतो. १/२००० सेकंदाला शटर ठेवलं तर प्रत्येक शिंतोडा मिळतो. या हावेपोटी काही मंडळी होडीवाल्याला सांगतात, “जरा उडवा ना.” तो बिचारा गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? होडी थव्यात घुसते, थवा उठतो, शटर खडखडतात. मला हा प्रकार हलकट वाटतो. मेच्या उन्हात पोट भरत असलेल्या जीवाला आपल्या फोटोसाठी पळवायचं, आणि मग त्याच फोटोखाली निसर्गप्रेमी म्हणून सही करायची. वाट पाहिली की रोहित स्वतःहून उडतात. फक्त ते आपण पाणी प्यायला बाटली तोंडाला लावतो तेव्हा उडतात.

पण उन्हाळ्यातला माझा खरा पक्षी रोहित नव्हे, नदी सुरय. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर तो जमिनीतच अंडी घालतो. घरटं म्हणजे नुसता खळगा. भर दुपारी त्या अंड्यांना ऊब नको, सावली हवी असते. म्हणून सुरय पाण्यावर जातो, पोटाची पिसं भिजवतो आणि ओल्या पोटाने परत येऊन अंड्यांवर बसतो. पुन्हा जातो, पुन्हा येतो. घरट्याचा फोटो मी काढत नाही, अनेक स्पर्धाही आता तो घेत नाहीत. पण पाण्यावरून उठताना त्याच्या पोटाखालून गळणारे थेंब एकदा दुरून मिळाले आहेत. त्या दिवशी मी नऊ वाजले तरी पोह्यांचं नाव काढलं नाही. हवा तापून लहरत होती, फोटो थोडा मऊ आलाय, आणि माझ्या सगळ्या काटेकोर फोटोंपेक्षा मला तोच आवडतो.

पाणी अजून उतरलं की मात्र ते बेट बेट राहत नाही. काठाला जोडलं जातं आणि गावची कुत्री चालत तिथे पोचतात. ज्या उणे टक्क्यांवर रोहित जेवतात, त्याच टक्क्यांवर सुरयाची अंडी जातात. उणे किती झालं म्हणजे बास, हे दोघांना विचारलं तर दोन उत्तरं मिळतील. होडीवाल्या मामांना मी विचारलं, तर ते म्हणाले, “सर, मासं बी वर यायला लागलं की बास.” चिलापी माशासाठी जाळं टाकणाऱ्या माणसाचं हे तिसरं उत्तर.

फोटो काढून झाले की मी ते मामांना कॅमेऱ्यावर दाखवतो. ते पक्ष्याकडे बघतच नाहीत, त्याच्या मागे बघतात. रोहितांच्या एका सुंदर ओळीमागे काळी पाइप आणि निळी मोटर आली होती. मी मनातल्या मनात ती कापून टाकत होतो. मामा म्हणाले, “ही तर आमच्या चुलत्याची मोटर. हितवर खाली आणली व्हय?” मग बोटाने दाखवत सांगू लागले, ही गाळपेर, म्हणजे उघड्या गाळातली पेरणी, कुणाची, तिथे कलिंगडं कुणी लावली, मागच्या वर्षी या दिवसात पाणी कुठवर होतं. माझ्यासाठी जे काटछाटीत जाणारं, ते त्यांच्यासाठी बातमीपत्र.

घरी येऊन मी मोटर कापलीच. पाइपही पुसली. उरलेला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी मावशीकडून तो परत आला. रोहितांच्या पायांशी लाल गुलाब होता, वर ‘शुभ सकाळ’ लिहिलेलं होतं आणि खाली सुविचार होता. गुलाब नेमका तिथे होता जिथून मी मोटर काढली होती. मावशीला फोन केला तर म्हणाली, “तिथे जरा रिकामं रिकामं वाटत होतं रे.”