आमची वाटचाल : भाऊसाहेबांच्या शाळा आणि आमच्या वह्या

फोंड्याच्या वरच्या बाजारात आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे आणि मागच्या अंगणात वह्या बांधण्याचा छोटा कारखाना. आजोबांनी सुरू केलं, बाबांनी वाढवलं, आता मी आणि माझी बहीण चालवतो. आमच्या धंद्याची वाटचाल सांगायची तर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्याविषयी सांगितल्याशिवाय ती पुरी होत नाही. त्यांची आणि आमची सोयरीक नाही, की कुणाच्या शिफारशीने आम्हाला काही मिळालं असंही नाही. पण त्यांनी गावोगाव शाळा काढल्या नसत्या, तर वह्या विकायच्या कुणाला?

मुक्तीपूर्वी आमच्या तालुक्यात मराठी शिक्षण चालायचं ते लोकांच्या जिवावर. देवळाची अग्रशाळा, म्हणजे भाविकांच्या उतरण्याची जागा, नाहीतर कुणाच्या घराची ओसरी. मास्तरांना पगार गावकरी गोळा करून देत. सरकारी शाळा पोर्तुगीज, पुढचं शिक्षण पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, तिथवर पोचणारं घर गावात एखादंच. १९६१ साली गोव्यात दर तीन माणसांमागे जेमतेम एकाला लिहिता-वाचता येत होतं. आजोबा तेव्हा पूजेचं साहित्य, पंचांगं, पोथ्या आणि थोड्या पाट्या-पेन्सिली विकत. पाट्या वर्षाला किती खपणार हे त्यांना आधीच ठाऊक असे, कारण शिकणारी घरं ठरलेली होती.

भाऊसाहेब मूळ पेडण्याचे, १९११ चा जन्म. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानला लोहखनिज जायला लागलं तेव्हा जी माणसं खाण व्यवसायात उभी राहिली, त्यांतले ते एक. मातीतून पैसा काढणारे पुष्कळ होते. पण राजकारणात येण्याआधीपासून शाळांना, देवळांना, अडल्या-नडल्याला हात सैल सोडून देणारा खाणमालक म्हणून त्यांचं नाव झालं होतं. बहुजन समाजातून वर आलेला, हातात पैसा असलेला आणि गरिबाच्या दारात बसणारा माणूस त्या काळच्या गोव्यात लोकांनी पाहिला नव्हता.

डिसेंबर १९६३ मध्ये गोवा, दमण आणि दीवच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. ३० जागांपैकी १४ महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२. भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. पक्ष त्यांनी उभा केला, पैसा घातला, माणसं निवडून आणली आणि २० डिसेंबरला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मग पोटनिवडणूक लढवून ते आमदार झाले ते मडकईतून, म्हणजे आमच्याच तालुक्यातून. फोंड्याच्या लोकांना त्याचं अप्रूप अजून आहे.

मला विचाराल तर त्यांचा व्यापारी पिंड दिसतो तो इथून पुढे. खाणीचा धंदा असा, की आधी रस्ता करायचा, यंत्रं आणायची, माणसं लावायची, बार्जेस भरून मांडवी-जुवारीतून मुरगावला माल पोचवायचा आणि बोट भरल्यावर पैसे बघायचे. खर्च आधी, परतावा मागून. सरकार चालवताना त्यांनी शाळांच्या बाबतीत नेमकं तेच केलं. इमारत नाही म्हणून शाळा अडली नाही. जागा मिळेल तिथे वर्ग भरवा, मास्तर नेमा, इमारतीचं मागून बघू. डोंगरापलीकडच्या वाड्यावर पाच-पंचवीस मुलं असली तरी तिथे मराठी प्राथमिक शाळा निघाली. कारकुनी हिशेबाने यातली निम्मी गावं बादच झाली असती.

आजोबांची त्या काळातली उधारीची वही आम्ही जपून ठेवली आहे. आधीच्या पानांवर माणसांची नावं आहेत. साठच्या दशकाच्या मधल्या पानांपासून गावांची नावं सुरू होतात : कुंडई, बेतकी, खांडोळा, सावई-वेरे, केरी, शिरोडा. प्रत्येक गावाखाली जवळपास तीच यादी. हजेरीपत्रक एक, खडूचा खोका एक, फळा पुसायचं डस्टर, अंकलिप्या, दुरेघी वह्या, शाईच्या पुड्या. ही एकशिक्षकी शाळांची खरेदी. मास्तर शनिवारची अर्धी शाळा सोडून फोंड्याला यायचे, सामान पिशवीत भरायचे आणि शेवटच्या कारेरने, म्हणजे बसने, परत जायचे. पैसे पगार झाल्यावर. आजोबा कुणालाही नाही म्हणत नसत. ‘भुरग्यांक शाळा जाय,’ म्हणजे मुलांना शाळा हवी, एवढंच त्यांचं म्हणणं.

याच सुमारास, १९६४ मध्ये, कूळ कायदा आला. कुळाला जमिनीवर संरक्षण मिळालं, भाटकाराला, म्हणजे जमीनमालकाला, द्यायच्या खंडावर मर्यादा आली. लोक या कायद्याकडे जमिनीचा कायदा म्हणून बघतात, ते बरोबरच आहे. पण आमच्या गल्ल्यावर बसून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. कापणीनंतर ज्याच्या घरात चार पायली भात जास्त राहिलं, तो कूळ जून महिन्यात मुलीसाठीही वही घ्यायला लागला. आधी एका घरातून एक मुलगा यायचा. नंतर मुलगी आली, धाकटी भावंडं आली. शाळा आणि कूळ कायदा या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतच नाही.

वह्या बाहेरून आणून पुरेनात, तेव्हा बाबांनी कोल्हापूरहून जुनं रूलिंग मशीन आणलं. आजच्या मुलांना ते दाखवलं की डोळे विस्फारतात. एका दांडीवर ओळीने बसवलेल्या पितळी निबा, वर लोकरी कापडाची पट्टी, तिच्यातून झिरपत निबांत उतरणारी निळी शाई आणि खालून दोऱ्यांवर सरकत जाणारा कोरा कागद. एक बाजू आखून झाली की कागद वाळवायचा, उलटायचा, दुसरी बाजू. मग दस्ते मोडायचे, मधोमध दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, कडा कापायच्या. पावसाळ्यात कागद सादळतो आणि रेघ फुटते, म्हणून सगळं काम मार्च ते मे उरकायचं. घरातल्या आणि शेजारच्या बायका दुपारी दस्ते शिवायला बसत. त्यांतल्या कितीतरी जणी स्वतः शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, आणि त्यांच्या मुली मात्र त्याच वह्यांत लिहीत होत्या.

मग जनमत कौल आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे भाऊसाहेबांच्या पक्षाचं मूळ ध्येय. कौल निःपक्षपातीपणे व्हावा म्हणून त्यांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट लागली. १६ जानेवारी १९६७ ला मतदान झालं. विलीनीकरणाला फूल, वेगळ्या अस्तित्वाला दोन पानं. आमचं घर फुलाचं. फूल ३४,०२१ मतांनी हरलं. आजोबा फार खिन्न झाले होते, असं बाबा सांगत. पण भाऊसाहेब रुसून बसले नाहीत. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक लढले आणि पुन्हा मुख्यमंत्री झाले. आयुष्याचं राजकारण ज्या प्रश्नावर उभं केलं तो प्रश्न हरल्यावर लोकांनी त्याच माणसाकडे कारभार सोपवला. दोन पानांवर मत देणाऱ्या कितीतरी घरांतली मुलंही त्यांच्याच शाळांत जात होती, हे आमचं उधारखातं सांगतं. आज वाटतं, गोवा वेगळा राहिला ते चांगलंच झालं. आणि हा निकाल मानून त्याच गोव्यासाठी राबणारा नेता मिळाला, हेही तितकंच चांगलं झालं.

त्यांच्यात उणं नव्हतं असं मी म्हणणार नाही. धंद्यात मालकाचा शब्द शेवटचा असतो, पक्षात आणि विधानसभेत तसं चालत नाही. १९७० मध्ये त्यांच्याच काही आमदारांनी बंड केलं, तेव्हा सरकार टिकवायला विरोधी गटातल्या आमदारांची साथ घ्यावी लागली. तरी १९७२ ची निवडणूक त्यांनी जिंकली. १२ ऑगस्ट १९७३ ला, मुख्यमंत्री असतानाच, ते गेले. त्या दिवशी फोंड्यात दुकानं बंद करा असं कुणाला सांगावं लागलं नाही.

पुढे त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर १९७९ पर्यंत मुख्यमंत्री होत्या. १९९० मध्ये त्या शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान मराठी-कोंकणीतल्या प्राथमिक शाळांनाच द्यायचं ठरलं, आणि एका वर्षात आमच्याकडच्या मागणीचा चेहरा बदलला. कोंकणी पुस्तकांसाठी वेगळं कपाट करावं लागलं. आमच्या घरात कोंकणी बोलतात आणि मराठी वाचतात. दोन्ही कपाटं शेजारी-शेजारी आहेत, आणि तशीच राहावीत असं मला मनापासून वाटतं.

गोव्याची साक्षरता २०११ च्या जनगणनेत ८८ टक्क्यांवर गेली. आणि आता ज्या गावांची नावं आजोबांच्या वहीत आहेत, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांचे पट घसरत चालले आहेत. कुठे दोन शाळा एकत्र केल्या, कुठे कुलूप लागलं. पालक इंग्रजीकडे वळले, वाड्यावरची तरुण माणसं पणजी-वास्कोला गेली, घरटी मूल एक झालं. पालकांना दोष देऊन भागणार नाही. पण पाच-पंचवीस मुलांसाठी मास्तर पाठवणारं सरकार या गोव्यात होतं, त्यामुळे पट कमी म्हणून शाळा बंद, हे वाक्य मला ऐकवत नाही.

धंद्यापुरतं सांगायचं तर रूलिंग मशीन आता शोभेला आहे, छपाई ऑफसेटवर होते. मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत वह्यांशी किमतीत टक्कर देणं जमत नाही, म्हणून आम्ही त्यांना जमत नाही ते करतो. शाळेच्या नावाची, शाळेला हव्या त्या आखणीची, आतल्या पानावर गावच्या देवळाचं किंवा नदीचं चित्र असलेली वही, आणि तीही थोड्या संख्येने. २०२५ पासून वरच्या इयत्तांचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू व्हायला लागलं, त्यामुळे आमचं सगळं वेळापत्रक दोन महिने अलीकडे आलं. कागद आता डिसेंबरातच भरतो. दस्ते शिवायला येणाऱ्या बायकांना कापणीचा आणि शिगम्याचा काळ सांभाळून काम वाटून द्यावं लागतं, तेवढी कसरत वाढली.

बारा मुलांच्या शाळेची ऑर्डर आली तरी घेतो. गेल्या हंगामात अशा लहान शाळांचं सामान बहिणीने स्वतः गाडीतून पोचवलं. पोचेचं पत्र सगळ्यांनीच दिलं, पैसेही वेळेवर दिले.