रात्री एक, पण तोंडाने नव्हे

औषधविक्रेत्याने पाकिटावर पेनाने "रात्री १" एवढेच लिहिले आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे पाहून पुढचे काही सांगायचे टाळले. त्यामुळे मेसालामाइनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची गोळी, नीट कशी वापरावी हे मला चुका करत शिकावे लागले. त्याआधीचे चार महिने शौचातून पडणारे रक्त मूळव्याधीचे समजून मी मलम लावण्यात घालवले होते. दुर्बिणीने तपासणी झाल्यावर अल्सरेटिव्ह प्रॉक्टायटिस, अर्थात गुदाशयाच्या अस्तराचा दाह, असे निदान झाले.

सपोझिटरी गुदाशयात वितळते आणि औषध थेट सुजलेल्या जागी लागते, म्हणून दाह तेवढ्याच भागापुरता असेल तर ती पोटात घेण्याच्या गोळ्यांपेक्षा अधिक गुणकारी ठरते. सूज त्याच्या वर सरकली असेल तर मात्र ती तिथवर पोहोचत नाही.

मला १ ग्रॅमची, रोज झोपताना एक, अशी सांगितली होती. पहिल्या रात्री शौचाला न जाताच ती ठेवली आणि पाच मिनिटांत ती बाहेर आली. आता आधी शौचाला जाऊन येतो, हात धुतो, नख कापलेले आहे ना ते पाहतो, आणि सर्व वेष्टन काढून गोळी पाण्यात किंचित ओली करतो. मग डाव्या कुशीवर झोपून, उजवा गुडघा पोटाशी घेऊन, निमुळते टोक पुढे ठेवून ती बोटाने हळूच आत सरकवतो. जोर लावायचा नाही आणि गोळी कापायचीही नाही. त्यानंतर किमान एक ते तीन तास, शक्यतो रात्रभर, ती आत राहायला हवी. एखाद्या रात्री विसरलो तर दुसऱ्या रात्री दोन ठेवत नाही. अंथरुणावर जुना टॉवेल असतोच, कारण या औषधाचे डाग कापडावरच नव्हे तर फरशीवरही पडतात.

अकोल्याच्या मे महिन्यात दुकानातून घरी येईपर्यंत एक पाकीट डब्यात पार पातळ झाले. २५ अंशांखाली ठेवा असे वेष्टनावर छापलेले होते, पण आमच्याकडे ती सावली कुठून आणायची! वितळून पुन्हा घट्ट झालेल्या गोळीत औषध सारखे पसरलेले राहीलच असे नाही, म्हणून ती टाकून दिली. तेव्हापासून नवे पाकीट बर्फाच्या कप्प्यापासून दूर, फ्रिजच्या दारात असते.

ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. मूत्रपिंडाचे काम पाहण्यासाठी अधूनमधून रक्ततपासणीही करावी लागते. औषध सुरू केल्यावर पोटात मुरडा, ताप, डोकेदुखी, पुरळ किंवा रक्ती जुलाब वाढले, तर तो मूळ आजारच बळावला असे गृहीत न धरता औषध थांबवून लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण क्वचित हे औषधच सोसत नाही आणि दोन्हींची लक्षणे सारखीच दिसतात. ब्लीच घातलेल्या संडासात लघवी लालसर दिसली तेव्हा मात्र मी उगाच घाबरलो होतो. तो रंग ब्लीच आणि औषध एकत्र आल्याने येतो.

तिसऱ्या आठवड्यात रक्त थांबले आणि मला गोळ्या सोडाव्याशा वाटल्या. डॉक्टरांनी नकार दिला, कारण रक्त थांबले तरी अस्तर भरून आलेले असतेच असे नाही. आज पाकिटात सहा उरल्या आहेत आणि पुढची तपासणी सोमवारी आहे.