तुम्ही विचारलंत म्हणून: तोंडच दिसणार नव्हतं, तर पिक्चर केलात कशाला?

माझ्या कराटेच्या क्लासला मुलांना सोडायला येणारे पालक हे विचारतात, लग्नात पंगतीला शेजारी बसलेले विचारतात, मेहुणा तर दर दिवाळीला विचारतो. "सर, तोंडच दिसणार नव्हतं, तर पिक्चर केलात कशाला?" आजवर "हौस हो, दुसरं काय" म्हणून वेळ मारून नेली. आता एकदाच लिहून टाकतो, पुढच्या खेपेला हेच वाचायला देईन.

पिक्चरचं नाव सांगत नाही, ते तुम्हाला ठाऊक आहेच. औषधाच्या प्रयोगात एका पैलवानाचा राक्षस होतो आणि कराटेवाला हिरो त्याला लोळवतो, एवढीच गोष्ट. राक्षस मी, अंगभर सूट आणि मुखवटा घालून. हिरो मुंबईहून आलेला मॉडेल, त्याला मावाशी-गेरी, म्हणजे गोल फिरवून मारायची लाथ, माझ्याच क्लासच्या पोराने शिकवली.

पैशासाठी केलं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: ठरलेल्यातले निम्मे अजून यायचेत.

खरं कारण जुनं आहे. व्हीसीडी भाड्याने मिळायच्या त्या काळात 'गायव्हर: डार्क हीरो' हाती लागला. १९९४चा, जपानी मांगावरून, म्हणजे चित्रकथेवरून बेतलेला, तुटपुंज्या पैशात केलेला अमेरिकन पिक्चर. परग्रहावरून आलेलं एक जिवंत चिलखत पोराच्या अंगात घुसतं आणि हवं तेव्हा कातडीबाहेर येतं. समोरचे लोकही माणसाचे राक्षस होणारे. गोष्ट रडतखडत चालते. पण जंगलात रबरी सूट घातलेली माणसं एकमेकांना उचलून आपटतात ना, ती खरोखर आपटतात. फाईट कोइची साकामोटोच्या, दिग्दर्शक स्टीव्ह वांग. हा वांग मुळात राक्षस घडवणारा कारागीर. १९८७च्या 'प्रिडेटर'मधला प्राणी स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओत तयार झाला, तेव्हा तो त्या टोळीत होता. त्या प्राण्याच्या पहिल्या सूटमध्ये आधी कोण होता माहितीये? मारधाडीच्या पिक्चरांचा हिरो व्हॅन डॅम. तो सुरुवातीलाच बाहेर पडला. काढला की गेला, यावर अजून वाद आहेत. मग सूटही बदलला आणि आतला माणूसही. व्हॅन डॅमला तोंड दाखवायचं होतं, पुढे दाखवलंही, आणि बरंच कमावलं. मेहुणा हे उदाहरण माझ्याविरुद्ध वापरतो, म्हणून मीच आधी देऊन ठेवतो.

माझ्या बाजूला हारुओ नाकाजिमा आहे. १९५४च्या जपानी पिक्चरमधला राक्षस, पहिला गॉडझिला, त्याच्या आतला माणूस. सूट शंभर किलोच्या घरातला. त्याच वर्षी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'सेव्हन समुराय'मध्ये तो दरोडेखोर होता, तो कुणाच्या लक्षात नाही. राक्षस म्हणून मात्र १९७२पर्यंत राबला. आणि 'गायव्हर'चा पहिला भाग आला १९९१ला. त्याच्या पोस्टरवर 'स्टार वॉर्स'वाल्या मार्क हॅमिलचा अर्धा चेहरा आणि अर्धं चिलखत, जणू चिलखतात तोच. पिक्चरमध्ये तो साधा सीआयएचा माणूस. चिलखतात घुसून मार खाणारा दुसराच.

तर आमचा सूट. तो केला कोल्हापूरच्या एका तरुण मूर्तिकाराने, घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपतीचं काम. माझ्या अंगाचा प्लास्टरचा साचा काढला, त्यावर शाडूने स्नायू आणि खवले चढवले, त्याचा पुन्हा साचा, आणि मधल्या फटीत फोम लेटेक्स, म्हणजे फेसाळलेलं रबर. हे लेटेक्स मंद आचेवर तासन्‌तास भाजावं लागतं. आपल्याकडे एवढी भट्टी कुठली? ओळखीच्या बेकरीवाल्याने रात्री निवत आलेली भट्टी दिली. अमोनियाचा असा वास भरला की सकाळचे पाव गिऱ्हाइकांनी परत आणले. दुसऱ्यांदा त्याने आम्हाला दारात उभं केलं नाही, म्हणून राक्षसाचा डावा हात शेवटपर्यंत गादीच्या फोमचा राहिला.

आत शिरताना अंगभर पावडर लावायची. पाठीवर चेन, तिच्यावर खवल्यांची पट्टी गमने चिकटवायची. म्हणजे आतला माणूस आपला आपण बाहेर येऊ शकत नाही. बघायचं राक्षसाच्या नाकपुड्यांतून. समोरच्याची छाती दिसते, पाय दिसत नाहीत. कराटेत आम्ही समोरच्यापासूनचं अंतर वर्षानुवर्षं घोटतो, ते इथे गायबच. म्हणून फाईट मास्टरनी सगळं आकड्यांवर बसवलं. एकला हिरो मारणार, दोनला मी मान टाकणार, तीनला भिंतीवर. त्याची लाथ माझ्यापासून वीतभर लांबून जायची. कॅमेरा अशा जागी की ती वीत दिसू नये. लाथ लागली असं वाटायला लावणं हे काम माझं, त्याचं नाही.

आणि आता ती दुपार. तुमच्या प्रश्नाच्या पोटात खरा प्रश्न हिचाच असतो, हे काय मला कळत नाही?

मे महिना, बंद सूतगिरणी, डोक्यावर पत्रा. शेवटच्या फाईटचा लांब शॉट. मी भिंतीवर आपटलो, पावडर आणि घामाचा लगदा नाकपुड्यांच्या जाळीवर बसला आणि श्वास बंद. ठरलेली खूण होती, मांडीवर दोनदा थाप. मारली. पण फोमवर थापेचा आवाज होत नाही. पुन्हा मारली. सगळ्यांना वाटलं, राक्षस तडफडतोय. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. मी गुडघ्यांवर आलो, मग कुशीवर. "कट" ऐकू आलं. दोघं चेन ओढायला धावले, तर चेनीच्या दातांत खवल्यांची पट्टी अडकलेली. जाळी बाहेरून दिसायची नाही, मुखवटा मानेला चिकटवलेला, त्यामुळे पुढून काही करायचं कुणाला सुचलं नाही.

तेव्हा प्रॉडक्शनच्या माणसाचा आवाज आला. "सूटला कात्री लावायची नाही. उद्या शूट आहे." मला वाटलं, भलतंच ऐकलं. पुन्हा तोच आवाज, "चेनीला तेल लावा तेल." आणि कुणीतरी खरंच तेल शोधायला पळालं. त्याची पावलं लांब गेलेली मला ऐकू येत होती.

सूट कापला तो मूर्तिकाराने. एक शब्द बोलला नाही. मानेपाशी कात्री घातली ती थेट कमरेपर्यंत. टोक पाठीला लागलं, ओरखडा अजून आहे. मी बाहेर येऊन ओकलो. तो फाटलेल्या सूटच्या दोन्ही कडा धरून बसला होता. इतक्या रात्रींचं काम. मला म्हणाला, "सर, पाणी हळू प्या."

दुसरा सूट नव्हता. हिरोच्या तारखा संपल्या. पिक्चर तिथेच थांबला, आणि गावात झालं काय, तर "कराटेच्या सरांना धाप लागली म्हणून पिक्चर बुडाला." अहो, पैसे केव्हाच संपले होते! डबे पुरवणाऱ्या मावशी आदल्या आठवड्यापासून उधारीसाठी सेटवर येऊन बसत होत्या. सूट धड असता तरी उद्याचं शूट झालं नसतं.

असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरंही आहे. पण मीच मुलांना सांगतो ना, दमलास असं वाटलं की आत अजून अर्धा मिनिट शिल्लक असतो म्हणून? माझा तो अर्धा मिनिट संपला होता का? कधी वाटतं, संपला होता. कधी वाटतं, श्वास नव्हता हे खरं, पण गडबडलो त्या आवाजाने. वीस वर्षांपूर्वीचा मी तर हे ऐकूनच घेतलं नसतं. कराटेच्या शोटोकान शैलीचा नवा ब्लॅक बेल्ट, सिनेमातल्या फाईटला तमाशातला नाच म्हणणारा. श्वास सांभाळता येत नसेल तर बेल्ट उतरवून ठेव, असं त्याने तोंडावर सुनावलं असतं. मी म्हटलं असतं, आधी तो सूट घालून दाखव. तो म्हणाला असता, तुला घालायला कोणी सांगितलं होतं? इथे माझी बोलती बंद होते.

बरं, मला सिनेमात जायचं होतं. या चेहऱ्याला कोणी घेतलं नसतं, हेही मान्य. पण तेवढंच नाही. पहिल्याच दिवशी मॉनिटरवर शॉट पाहिला. गादीच्या फोमचा हात लोंबकळतोय, एक डोळा मिणमिणतोय, अगदी हसण्यासारखं ध्यान. आणि ते ध्यान वळलं तेव्हा कमरेचा पीळ माझा होता. टाचही माझीच. स्पर्धांमध्ये काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींची मालिका, करताना तो पीळ मला कधी असा बाहेरून दिसला नव्हता. तोंड दिसत असतं तर मी तोंडच बघत बसलो असतो. हे मेहुण्याला पटावं म्हणून त्याला ती क्लिप दाखवली. नीट बघून म्हणाला, "यात तुम्ही कुठे आहात?"

मध्यंतरी मूर्तिकाराचा फोन आला. नवं काम मिळालंय, या वेळी सिलिकॉन, मापं पाठवा म्हणाला. पाठवली. कंबर वाढलीये हे सांगितलं, आणि चेन पुढून हवी, आतून उघडणारी, हेही. घरी अजून काही बोललो नाहीये. हे वाचून कळेलच.