बफेलोचं धुकं आणि मुंबईचा मे महिना

मुंबईत आइस हॉकीचा विषय निघाला की पहिली शंका असते, ‘इतक्या उकाड्यात बर्फ राहील का?’ राहतो. ससून डॉकला भर मे महिन्यात मासळीवर बर्फ पडतोच. घात करते ती दमट हवा. अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या मेमोरियल ऑडिटोरियमचं तेच झालं.

तिथले लोक त्याला ‘द ऑड’ म्हणत. १९४० साली उघडलेलं हे स्टेडियम सेबर्स हा आइस हॉकी संघ आल्यावर अपुरं पडू लागलं, तेव्हा १९७१ मध्ये अख्खं छत सुमारे २४ फूट वर उचलून खाली नवी गॅलरी बसवली. केवढी हिंमत! पण एसी नव्हता.

२० मे १९७५. स्टॅनली कप, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकीचा सर्वात मानाचा करंडक, त्याच्या अंतिम फेरीतला तिसरा सामना, समोर फिलाडेल्फिया फ्लायर्स. बाहेर उकाडा, आत बर्फावर दाट धुकं. खेळ पुन्हापुन्हा थांबवून खेळाडूंना गोल गोल फिरायला लावत, म्हणजे हवा हलून धुकं विरळ व्हावं. जादा वेळेत सेबर्सच्या रेने रोबेरनं गोल मारला. फ्लायर्सचा गोलरक्षक बर्नी पॅरंटला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, धड दिसलाच नाही. सेबर्स ५-४ नं जिंकले.

हे होतं कसं? बर्फाचा पृष्ठभाग उणे ५ अंशांच्या आसपास असतो. त्यावरची हवा दवबिंदूखाली, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्याखाली, गेली की थंड ताकाच्या ग्लासाला बाहेरून पाणी सुटतं तसंच होतं, फक्त थेंब हवेत तरंगतात. त्यात प्रेक्षक. बसलेला माणूस तासाला साधारण ५० ग्रॅम वाफ सोडतो. १५,००० माणसांचं झालं ७५० लिटर पाणी!

मुंबईत मे महिन्यात दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो. तो रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या हॉलमध्ये, ५ अंशांखाली आणावा लागतो. साध्या कॉइलच्या (थंड नळ्यांच्या) डीह्युमिडिफायरवर, म्हणजे हवेतली ओल काढणाऱ्या यंत्रावर, एवढ्या थंडीत हिम धरतं आणि हवा जाणंच बंद होतं. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचं फिरतं चाक असलेलं यंत्रच घ्यावं. दारं दुहेरी हवीत, आणि आतल्या कोरड्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त, म्हणजे फटीतून दमट हवा शिरत नाही. छताकडे तर हमखास दुर्लक्ष होतं. बर्फासमोर तेही गार पडतं, त्यातून पाणी ठिबकतं आणि बर्फावर टेंगळं येतात. छताखाली चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल ताणलं की ते थांबतं. चिलरवर, म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या यंत्रावर, सगळे पैसे घालून ही कामं ‘नंतर बघू’ म्हणू नयेत.

ऑड १९९६ मध्ये बंद झालं, २००९ मध्ये पाडलं. आता त्या जागेवर कालवे आहेत आणि हिवाळ्यात लोक तिथे उघड्यावर स्केटिंग करतात.