चौकातले वाय-फाय आणि अभ्यासिकेतले वाय-फाय

महापालिकेने नागरिकांना मोफत वाय-फाय द्यावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे बहुतेक वेळा जाहीरनाम्यातल्या एका ओळीत उरकला जातो. पुढे कुठल्यातरी चौकात खांबावर एक डबा बसतो, त्याखाली छायाचित्रांसह फलक लागतो आणि विषय संपतो. नवी मुंबईत राहून आणि कामानिमित्त ठाण्यात रोज ये-जा करून माझे मत असे झाले आहे, की शहराने मोफत इंटरनेट जरूर द्यावे, मात्र ते चौकात, बसथांब्यावर किंवा तलावाकाठी देण्यात आता काही अर्थ उरलेला नाही. जिथे माणूस तास-दोन तास बसून काही काम करतो, अशा महापालिकेच्या स्वतःच्या छताखाली ते दिले पाहिजे, आणि तिथे ते नळाच्या पाण्याइतके नियमित असले पाहिजे.

चौकातल्या वाय-फायची कल्पना मुळात चुकीची नव्हती, ती एका विशिष्ट काळाची होती. जानेवारी २०१६ मध्ये गुगल आणि रेल्वेची दूरसंचार कंपनी रेलटेल यांनी मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू केले, तेव्हा मोबाइलवरचा एक जीबी डेटा ही जपून वापरायची वस्तू होती. फलाटावर उभे राहून लोक गाणी, चित्रपट आणि ॲपचे अपडेट उतरवून घेत. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ बाजारात आले आणि डेटाचे दर कोसळले. २०१८ च्या मध्यापर्यंत ही सेवा ४०० स्थानकांपर्यंत पोहोचली खरी, परंतु फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने ती आवरती घेत असल्याचे जाहीर केले आणि कारण सांगितले तेही हेच, की भारतात मोबाइल डेटा आता स्वस्त झाला आहे. रेलटेलने स्थानकांवरची सेवा पुढे चालू ठेवली, दिवसातली पहिली ३० मिनिटे मोफत आणि पुढे पैसे अशा स्वरूपात. गाडीची वाट पाहणाऱ्या प्रवाशाला ती पुरेशी आहे, पण खिशात दिवसाला दीड जीबी असताना त्या तीस मिनिटांसाठी ओटीपीची खटपट करणारे प्रवासी आज कितीसे सापडतील?

मग ही गरज संपली असे म्हणावे काय? आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशींचे उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर आहे. घरात फोन तीन, पण नीट चालणारा एकच. मुलगी बारावीला. अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज तीनशे ते साडेतीनशे रुपयांच्या घरात जाते, त्यामुळे तिन्ही फोनना एकाच महिन्यात ते जमत नाही. मावशी एकदा म्हणाल्या, "ताई, नेट संपलं की पोरगी रडते आणि मी ओरडते, दुसरं काय करणार?" मुलीला शिकवणीचे व्हिडिओ पाहायचे असतात, दीड जीबी त्यात दुपारपर्यंत उडतो. सीईटीच्या प्रवेशप्रक्रियेत जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका असे सगळे स्कॅन करून ठरावीक आकारात चढवावे लागते, आणि ते फोनच्या छोट्या पडद्यावर, तुटत्या नेटवर करणे म्हणजे शिक्षाच असते. शेवटी नाक्यावरच्या सायबर कॅफेत जाऊन पानामागे पैसे मोजून ते काम होते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली तेव्हा मावशींनी तीही तिथेच करून घेतली. शासनाचे काम नागरिकाने ऑनलाइन करावे असा आग्रह शासनच धरत असेल, तर ते काम करण्यासाठी लागणारी जोडणी मात्र ज्याची त्याने पाहावी, ही भूमिका मला पटत नाही.

म्हणजे गरज आहे, पण तिचे स्वरूप बदलले आहे. रस्त्याने जाता जाता संदेश पाहण्यापुरते नेट जवळपास प्रत्येकाकडे आहे. नाही ते बराच वेळ बसून वापरता येईल असे नेट, आणि त्याबरोबर लागणारे टेबल, खुर्ची, चार्जिंगचा सॉकेट आणि डोक्यावर पंखा. खांबावरचा डबा यांपैकी काहीच देत नाही.

खांबाची एक तांत्रिक अडचणही आहे, तिचा उल्लेख सहसा होत नाही. उंचावर लावलेला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे हाच डबा, फोनपेक्षा जास्त ताकदीने लहरी पाठवू शकतो. त्यामुळे दूर उभे असतानाही फोनवर सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात, परंतु फोनचा क्षीण आवाज उलट दिशेने त्या खांबापर्यंत पोहोचत नाही. त्यात वाय-फाय वापरते त्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारी चॅनेल जेमतेम तीन, आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या प्रत्येक घरातला राउटर त्याच तिघांवर बोलत असतो. पावसाळ्यात खांबाभोवतीच्या झाडांची ओली पाने उरलासुरला सिग्नल शोषून घेतात. आमच्या भागातल्या अशाच एका फलकाखाली उभे राहून मी जोडणी करून पाहिली होती. नाव दिसले, फोन जोडलाही गेला, मोबाइल क्रमांक विचारणारे पान अर्धे उघडले, त्यातले अधिकाऱ्यांचे छायाचित्र पूर्ण उतरले, क्रमांक भरायची चौकट मात्र आलीच नाही. काही वेळाने फोननेच सांगितले, की जोडणी आहे पण इंटरनेट नाही. खाली भेळेची गाडी लावणारे काका म्हणाले, "ते उद्घाटनाच्या दिवशी चाललं होतं बघा." आपल्याकडे पाणपोईचेही असेच होते, नारळ फोडताना रांजण काठोकाठ भरलेला असतो, पण भर उन्हाळ्यात तो रोज भरायचा कोणी, हे कुठेच लिहिलेले नसते.

कारण डबा बसवणे हा भांडवली खर्च असतो, त्याची निविदा निघते, त्याचे छायाचित्र येते. मासिक जोडणीचे बिल, वीज, बिघडलेला भाग बदलणे आणि तक्रार ऐकायला माणूस ठेवणे हा महसुली खर्च असतो, आणि त्यात कोणालाच रस नसतो.

परदेशातही गोष्टी फार वेगळ्या घडलेल्या नाहीत. फिलाडेल्फियाने २००४ मध्ये सगळ्या शहरावर वाय-फायचे जाळे पसरण्याची घोषणा केली, अर्थलिंक या कंपनीने ते काम घेतले, आणि २००८ मध्ये ती कंपनी बाहेर पडली. रस्त्यावरचा सिग्नल घरांच्या भिंतींतून नीट आत जात नव्हता आणि पुरेसे ग्राहक मिळाले नाहीत. न्यूयॉर्कने २०१६ पासून जुन्या टेलिफोन बूथच्या जागी जाहिरातींवर चालणारे लिंक-एनवायसीचे खांब उभे केले. त्या खांबांवर इंटरनेट पाहण्यासाठी टॅबलेटही होते. काही महिन्यांतच लोक त्यांच्यासमोर तासन् तास ठाण मांडू लागले, तक्रारी आल्या, आणि त्याच सप्टेंबरमध्ये टॅबलेटवरची ब्राउझरची सोय बंद करावी लागली. पुढे जाहिरातींचे उत्पन्न अपेक्षेइतके आले नाही आणि शहराचे देणेही थकले. बातम्यांमध्ये त्या ठाण मांडण्याची चेष्टा झाली, मला मात्र त्यात वेगळेच दिसते: ज्यांना बसून इंटरनेट वापरायला दुसरी जागाच नव्हती, अशी माणसे त्या श्रीमंत शहरातही होती, आणि ती फूटपाथवर जागा शोधत होती. दिल्लीने डिसेंबर २०१९ मध्ये ११ हजार हॉटस्पॉटची योजना सुरू केली आणि माणशी महिन्याला १५ जीबी देऊ केले, पण त्यातले ४ हजार बसथांब्यांसाठी राखले. बसथांब्यावर माणूस बस येईपर्यंतच थांबतो.

सार्वजनिक वाय-फायच्या सुरक्षिततेबद्दल बोलताना नवी मुंबईकराला २००८ आठवल्याशिवाय राहत नाही. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ईमेल आला आणि त्याचा माग निघाला सानपाड्यातल्या एका घरातल्या वाय-फायपर्यंत. तिथे राहणाऱ्या अमेरिकन गृहस्थांचा त्यात हात नव्हता. त्यांच्या जोडणीचा दुसऱ्यानेच वापर केला होता. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या, आणि सार्वजनिक ठिकाणी जोडणी देताना वापरणाऱ्याची ओळख पटवणे बंधनकारक झाले. आज आपण सार्वजनिक वाय-फायवर ओटीपी टाकतो तो याच मार्गाने आलेला आहे. सुरक्षेच्या दृष्टीने मला त्यात गैर वाटत नाही, परंतु त्याचा एक परिणाम विचारात घेतला पाहिजे. रिचार्ज न केल्यामुळे ज्याचे सिमच बंद पडले आहे, त्याला ओटीपी येत नाही. म्हणजे ज्याच्यासाठी मोफत सेवा काढली, नेमका तोच दाराबाहेर राहतो. अभ्यासिकेत किंवा वाचनालयात हा पेच सहज सुटतो, कारण तिथे सभासदाचे ओळखपत्र असते, नोंदवही असते आणि समोर बसलेला कर्मचारी असतो. त्याने दिवसाचे कूपन हातात दिले की ओळखही पटली आणि फोन क्रमांक कुठल्या जाहिरातदाराच्या यादीतही गेला नाही.

आता पैशाकडे वळू, कारण मोफत म्हटले की प्रामाणिक करदात्याच्या कपाळाला आठी पडते आणि ती पडणे योग्यही आहे. समजा, एका अभ्यासिकेत चाळीस मुले बसतात. १०० एमबीपीएसची एक जोडणी चाळीस जणांनी एकाच क्षणी ओढली तरी प्रत्येकाला अडीच एमबीपीएस मिळतात, आणि मध्यम दर्जाचा शिकवणीचा व्हिडिओ त्यात न अडखळता चालतो. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी ओढत नाहीत. एवढ्या वेगाची घरगुती जोडणी करासह महिन्याला हजार रुपयांच्या आत मिळते. संस्थेला ती दुपटीने महाग पडली आणि जोडीला पर्यायी दुसरी लाइन घेतली, तरी एका अभ्यासिकेचा मासिक खर्च एखाद्या स्वागत कमानीच्या भाड्याएवढाही होणार नाही. नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे आणि रबाळ्याच्या पट्ट्यात देशातली मोठमोठी डेटा सेंटर उभी आहेत, रस्त्यांखालून फायबर गेलेले आहे, आणि तरीही त्याच पट्ट्यालगतच्या दिघ्यात किंवा तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहणारी मुलगी व्हिडिओ अर्धवट सोडून रात्री बाराला नवा दीड जीबी सुरू होण्याची वाट पाहते. या शहराला तंत्रज्ञान कमी पडते असे कोणी म्हणू नये.

केंद्राने ९ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेली पीएम-वाणी योजना यासाठी एक तयार चौकट देते. तीत किराणा दुकानदारही परवाना किंवा नोंदणी शुल्काशिवाय पब्लिक डेटा ऑफिस, म्हणजे सार्वजनिक वाय-फायचे केंद्र, चालवू शकतो, पूर्वीच्या पीसीओसारखे. योजना रखडली ती मुख्यतः जोडणीच्या दरांमुळे, कारण कंपन्या अशा दुकानदारांकडे महागड्या लीज्ड लाइनचा, म्हणजे खास एकाच ग्राहकासाठी राखलेल्या जोडणीचा, आग्रह धरत होत्या. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने मर्यादा घातली, की २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीला घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने २०२२ पर्यंत एक कोटी हॉटस्पॉटचे उद्दिष्ट ठेवले होते आणि देश त्याच्या आसपासही पोहोचला नाही, तेव्हा या चौकटीकडून चमत्काराची अपेक्षा मी ठेवत नाही. पण महापालिकेच्या शाळा संध्याकाळी रिकाम्या असतात, त्यांतल्या एखाद्या वर्गात महिला बचत गटाला असे केंद्र चालवायला देण्यास आता दराची सबब राहिलेली नाही.

फुकट नेट मिळाले की मुले रील पाहत बसतील, हा आक्षेप मी अनेकांकडून ऐकला आहे. पाहतील. वाचनालयात कादंबऱ्या वाचणारी मुलेही होतीच, म्हणून कोणी वाचनालय बंद केले नाही. केरळात एर्नाकुलम स्थानकावरच्या एका हमालाने फलाटावरच्या मोफत वाय-फायवर, कानात इयरफोन घालून, ओझी वाहता वाहता अभ्यासाची व्याख्याने ऐकली आणि २०१८ मध्ये केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. या बातमीचे त्या वेळी फार कौतुक झाले आणि ते रास्तच होते, तरी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्याला रेल्वेचा फलाट गाठावा लागला, याबद्दल शहराने थोडे ओशाळायलाही हवे होते. त्याच केरळने पुढे के-फोन हे सरकारी फायबरचे जाळे जून २०२३ मध्ये सुरू केले आणि २० लाख गरीब कुटुंबांना घरात मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते आपल्या महापालिकांच्या आवाक्यातले नाही आणि मी ते मागतही नाही.

मागणी एवढीच आहे, की अभ्यासिका, वाचनालये, महापालिका रुग्णालयांतली नातेवाइकांची प्रतीक्षागृहे आणि विभाग कार्यालये यांपासून सुरुवात व्हावी, आणि कंत्राटदाराला पैसे डबे बसवल्याबद्दल न देता महिन्यात सेवा किती तास चालू राहिली त्यावर द्यावेत. तक्रारीचा क्रमांक भिंतीवर असावा आणि तो कोणीतरी उचलावा. वेळेची मर्यादा मात्र घालू नये. रेल्वेच्या धर्तीवर अर्ध्या तासाचा नियम अभ्यासिकेत आणला, तर सराव परीक्षेच्या मध्येच जोडणी तुटेल. त्यापेक्षा माणशी वेगावर मर्यादा घालावी आणि गर्दी नसेल तेव्हा ती आपोआप सैल व्हावी. अनेक राउटरच्या सेटिंगमध्ये ही सोय आधीपासूनच असते, त्यासाठी वेगळी निविदा काढावी लागत नाही.