घरच्यांची पंगत शेवटी

साहेबांचा फोन आला तेव्हा एक भाकरी तव्यावर होती आणि दुसरी हातावर. रात्रीचे साडेआठ, म्हणजे शिकागोत सकाळचे दहा. आमच्या धंद्यात जेवणाच्या वेळेला अमेरिकेतून फोन आला की काहीतरी बिनसलंय हे उचलायच्या आधीच कळतं. सगळं सुरळीत असेल तर कोणी ट्रॅव्हल एजंटला फोन करत नाही.

"मॅडम, तुम्ही कागदावर लिहून दिलंय, शिकागो, लाउंज आहे. इथली बाई म्हणते, नाही."

लाउंज म्हणजे विमानतळावरची निवांत बसायची वेगळी खोली, जिथे सगळ्यांना घेत नाहीत. साहेब ओरडत नाहीत. रागावले की त्यांचा आवाज खाली जातो, आणि त्या दिवशी तो फारच खाली होता. सासूबाईंच्या हाती उलथनं दिलं आणि लॅपटॉप उघडला.

कोथरूडला आमचं तीन टेबलांचं ऑफिस आहे. एकवीस वर्षं मी तिथे तिकिटं काढते. चाकणची एक कंपनी आमची जुनी गिऱ्हाईक, आणि साहेब तिथले प्लांट हेड. अठ्ठावन्न वर्षांचे, कमरेला पट्टा, जोडीला शुगर. कंपनीच्या नियमात बिझनेस क्लास बसत नाही, म्हणून प्रीमियम इकॉनॉमी. सोबत त्यांच्याच विभागातला एक तरुण इंजिनिअर, तिशीचा, बोलायला लाजरा. तो मला ताई म्हणतो. दोघं मुंबईहून लुफ्तान्साने फ्रँकफर्टमार्गे शिकागोला गेले, तीन दिवस तिथल्या ग्राहकाकडे काम, मग युनायटेड या अमेरिकन कंपनीच्या विमानाने डेट्रॉइट. जुलैचे दिवस. शिकागोवर वादळी ढग, त्यामुळे दुपारी बाराचं विमान साडेतीनवर गेलं होतं. साहेबांना अकराला जर्मनीतल्या लोकांशी कॉल होता, आणि शिकागोच्या ओहेअर विमानतळावर गेटपाशी बसायला खुर्ची मिळेना.

"फ्रँकफर्टला याच कार्डावर मला वरच्या लाउंजमध्ये घेतलं. कार्ड युनायटेडचं, विमान युनायटेडचं, लाउंज युनायटेडचा. आणि इथेच नाही म्हणतात?"

हे ऐकलं आणि कानशिलं गरम झाली, कारण चूक माझी होती आणि ती मला त्याच क्षणी दिसली. साहेबांचं कार्ड म्हणजे युनायटेडचं प्रीमियर गोल्ड, नेहमी उडणाऱ्यांना कंपनी देते ते. पूर्वी काही वर्षं ते न्यू जर्सीत होते, तेव्हापासूनचा नंबर. हे कार्ड स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या युतीच्या हिशोबात गोल्ड धरलं जातं. 1997 साली युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, एसएएस आणि थाई अशा पाच कंपन्यांनी मिळून ही युती बांधली. आपली एअर इंडिया 2014 मध्ये आत आली. नियम साधा वाटतो. कुठल्याही सभासद कंपनीचं गोल्ड असेल आणि त्या दिवशी सभासद कंपनीच्याच विमानाने जात असाल, तर तिकीट इकॉनॉमीचं असलं तरी लाउंज मिळतो, वर एक पाहुणा नेता येतो. पाहुण्याचाही त्या दिवशी युतीतल्याच विमानाने प्रवास हवा. मी इतकंच डोक्यात ठेवलं आणि प्रवासाच्या कागदावर चारही विमानतळांपुढे "लाउंज – आहे" असं लिहून टाकलं. फ्रँकफर्टची ओळ कॉपी करून खाली चिकटवली, खरं सांगायचं तर.

पण या नियमाला एक शेपूट आहे. युनायटेडच्या स्वतःच्या गोल्डवाल्यांना, प्रवास फक्त अमेरिकेच्या आतला असेल, तर त्या कार्डावर युनायटेड क्लबमध्ये, म्हणजे कंपनीच्या लाउंजमध्ये, घेत नाहीत. त्याच दिवशी पुढेमागे आंतरराष्ट्रीय विमान जोडलेलं असेल तरच. साहेब ज्या दिवशी उतरले त्या दिवशीची गोष्ट वेगळी होती. आज मात्र ते शिकागो ते डेट्रॉइट जाणारे साधे घरगुती प्रवासी होते. काउंटरवरची बाई बरोबर बोलत होती, आणि साहेबांच्या म्हणण्यानुसार चांगलं हसूनही बोलत होती. त्याचाच त्यांना जास्त राग आला होता.

असा नियम का, तेही कळण्यासारखं आहे. अमेरिकेत या कंपन्या लाउंजची वर्षाची मेंबरशिप पैसे घेऊन विकतात. देशातल्या देशात दर आठवड्याला उडणारे गोल्डवाले हजारोंनी. त्यांना फुकट आत घेतलं तर मेंबरशिप कोण घेणार आणि बसायला जागा कुठून आणणार? वनवर्ल्ड आणि स्कायटीम या अशाच दुसऱ्या दोन मोठ्या युती. वनवर्ल्डमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं हेच आहे. स्कायटीममध्ये तर एलिट प्लस या त्यांच्या वरच्या कार्डाची लाउंजची सोय मुळातच आंतरराष्ट्रीय प्रवासाला जोडलेली.

मजा पुढे आहे. हे बंधन फक्त घरच्या कार्डाला. लुफ्तान्साचं, सिंगापूरचं, तुर्किशचं, एअर इंडियाचं गोल्ड घेऊन कोणी शिकागो-डेट्रॉइट गेला, तर त्याला त्याच दारातून आत घेतात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते हेच.

हे सगळं साहेबांना सांगायचं कसं? नियम वाचून दाखवला असता तर त्यांनी फोन ठेवला असता. माझ्या अनुभवात लाउंजच्या दारात अडवलेला माणूस नियम ऐकतच नाही, त्याला मानापमान ऐकू येतो. लग्नात विहिणीला पाटाभोवती रांगोळी घातली नाही म्हणून जसं होतं तसंच. मग तेच तोंडात आलं.

म्हटलं, "साहेब, तुमच्या घरात लग्न झालं असेल ना? पहिल्या पंगतीला कोण बसतं? व्याह्यांकडची माणसं. घरची पोरं वाढायला, आणि त्यांची पंगत शेवटी. ही युती म्हणजे सोयरीक आहे हो. युनायटेडच्या घरात तुम्ही घरचे आहात. फ्रँकफर्टला तुम्ही व्याही होतात."

पलीकडे शांतता. मग एकदम, "म्हणजे मी वाढपी?"

हसले ते. मग मी चूक कबूल केली. कागदावरची ओळ माझी, मी तपासली नव्हती. साहेब म्हणाले, असू दे, पण आता कॉल कुठे घेऊ ते सांगा.

इथे मला तो पोरगा आठवला.

दोन वर्षं तो दर आठवड्याला पुणे-दिल्ली करत होता, तिकडच्या एका लाइनच्या कामासाठी, बहुतेक वेळा विस्तारा कंपनीच्या विमानाने. तेव्हा त्याच्या मागे लागून मीच विस्ताराच्या मेंबरशिपचा नंबर काढायला लावला होता, आणि प्रत्येक सेक्टरला तो टाकत होते. विस्तारा स्टार अलायन्समध्ये कधीच नव्हती, त्यामुळे ते गोल्ड देशाबाहेर फारसं कामाचं नव्हतं. पण 12 नोव्हेंबर 2024 ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि त्याचं खातं एअर इंडियाच्या कार्यक्रमात गेलं. एअर इंडियाचं गोल्ड म्हणजे स्टार गोल्ड. पोराच्या खिशात एका रात्रीत वेगळंच नाणं आलं होतं.

"साहेब, तुमच्यासोबत तो आहे ना? त्याला फोन द्या."

"ताई, बोला." आवाजात धास्ती.

"तुझ्याकडे गोल्ड आहे ना रे?"

बराच वेळ काही नाही. मग अगदी हळू, बहुतेक दोन पावलं बाजूला जाऊन, "आहे. पण साहेबांना माहीत नाही. साहेबांचं नाही चाललं, आणि माझं चालतं म्हणायचं म्हणजे..."

मला एवढं पुरलं. फ्रँकफर्टलाही साहेबांनी त्याला पाहुणा म्हणून आत नेलं होतं आणि हा मुकाट्याने गेला होता, स्वतःचं कार्ड असून. चाकणच्या कारखान्यात तीस वर्षांच्या पोराने प्लांट हेडच्या रंगाचं कार्ड खिशातून काढायचं नसतं, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, पण माहीत होतं.

"आज तू साहेबांना घेऊन जायचंस. पाहुणा एकच चालतो, आणि तुम्ही दोघंच आहात. विमान एकच. काही अडचण नाही."

अडचण होती. त्याच्या बोर्डिंग पासवर स्टार गोल्ड छापलेलंच नव्हतं. गेल्या महिन्यात तारीख बदलली तेव्हा तिकीट री-इश्यू झालं, म्हणजे नव्याने निघालं, आणि त्यात त्याचा नंबर गळला. असं बरेचदा होतं, म्हणून री-इश्यूनंतर पीएनआर पुन्हा उघडून बघायचा असतो. मी बघितला नव्हता. त्या दिवशीची दुसरी चूक. अॅपमध्ये कार्ड दाखवायचं तर लॉगिनचा ओटीपी भारतातल्या सिमवर, आणि ते सिम वाकडच्या फ्लॅटमधल्या ड्रॉवरमध्ये. अमेरिकेत गेल्यावर तिकडचं सिम टाकायचं आणि इकडचं घरी ठेवायचं, हा शहाणपणा आपली पोरं कुठून शिकतात कोण जाणे.

नंबर माझ्याकडे होता. त्याला अंक वाचून दाखवले, दोनदा, आणि सांगितलं की काउंटरवरच्या बाईला नीट विनंती कर, हा नंबर बुकिंगमध्ये घालून पास पुन्हा छापून दे म्हणावं. मघाशी साहेबांना नाही म्हणणारी हीच बाई. तिने दोन मिनिटांत पास छापून दिला. फोन चालू होता, मला सगळं ऐकू येत होतं. तिने विचारलं, पाहुणा कोण? पोरगा थांबला. मग साहेबांचा आवाज आला, इंग्रजीत, चांगला खणखणीत, "आय अॅम हिज गेस्ट."

अकराला पाच कमी होते. कॉल झाला.

माझी भाकरी तोपर्यंत पापड झाली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या आल्या मी तो कागदाचा नमुना बदलला. पूर्वी लाउंजपुढे आहे किंवा नाही एवढंच असायचं. आता तिथे तीन गोष्टी लिहायच्या. उडणारं विमान कोणाचं, कार्ड कोणाचं, आणि त्या दिवशीचा सगळा प्रवास कुठून कुठे. आमच्या नव्या मुलीने विचारलं, विमान कोणाचं ते तिकिटावर असतंच की. तिला एअर इंडियाच्या नंबराचं एक तिकीट दाखवलं, ज्यावर बारीक अक्षरात लिहिलंय की विमान एअर इंडिया एक्सप्रेसचं. नाव सारखं, घराणं एक, पण एक्सप्रेस युतीत नाही. इंडिगोचा तर प्रश्नच नाही, ती तिन्ही मोठ्या युतींपैकी कुठल्याच नाही. हे पुण्याच्या माणसाला समजवायला फार वेळ लागतो, कारण लोहगावला लाउंज म्हणजे बँकेचं कार्ड घासायचं, दोन रुपये कापले जातात आणि आत उपमा मिळतो, एवढंच डोक्यात बसलंय. त्या लाउंजचा युतीशी संबंध नाही, बँकेशी आहे. दोन्हीला लाउंजच म्हणतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

दारातून आत गेल्यावरही पायऱ्या असतात, त्याही तिला सांगितल्या. सिंगापूरला चांगीच्या टर्मिनल 3 वर इकॉनॉमीतल्या गोल्डवाल्याला क्रिसफ्लायर गोल्ड लाउंज, बिझनेसच्या तिकिटाला त्याहून वरचा सिल्व्हरक्रिस. फ्रँकफर्टला उलटं. तिथे लुफ्तान्साच्या बिझनेसवाल्याला बिझनेस लाउंज, आणि इकॉनॉमीत बसणारा स्टार गोल्ड मात्र त्याहून वरच्या सेनेटर लाउंजमध्ये. आणि शिकागोलाच युनायटेडचा पोलारिस नावाचा झकास लाउंज आहे, 2016 मध्ये उघडलेला, तिथे गोल्डला कोणी विचारत नाही, लांबच्या पल्ल्याचं बिझनेसचं तिकीटच लागतं. ती म्हणाली, "ताई, हे पाठ कसं करायचं?" म्हटलं, पाठ करू नकोस, दर वेळी बघ. मी पाठ केलं म्हणून तर काल रात्री भाकरी करपली.

आठवड्याने दोघांची परत निघायची वेळ आली. डेट्रॉइट, शिकागो, फ्रँकफर्ट, मुंबई. या वेळी शिकागोनंतर त्याच दिवशी फ्रँकफर्टचं विमान होतं, म्हणजे साहेबांचं कार्डही चालणार होतं. तसं मी स्पष्ट लिहून पाठवलं. दोघांचा स्वतःचा हक्क, कोणी कोणाला न्यायची गरज नाही.

रात्री उशिरा साहेबांचा मेसेज आला. सोबत फोटो, त्याच युनायटेड क्लबमधल्या टेबलाचा, दोन वाट्या सूप. खाली लिहिलं होतं, "आज तो माझा गेस्ट."

मी फक्त अंगठा पाठवला.